सागवान आणि आडजात

(जठारपेठ, अकोला येथे झालेल्या महिला अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय होता ‘स्त्रिया आणि जंगल’. तो इतका मोठा आहे की तासभर बोलूनही हाती काही लागणार नाही. म्हणून मी तो लहान करून घेतला. डोंगराच्या खडकाळ उतारावर वर्षभर हिरवी राहणारी झाडं, एवढ्यावरच आज बोलणार आहे. समाजकार्य शिकलेल्या बाईनं झाडांवर कशाला बोलावं, असं कुणाच्या मनात आलं असेल. मी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून वनहक्कांचं काम करते. तिथं झाडावरून सुरू झालेला वाद फिरून फिरून बाईच्या डोक्यावरच्या हंड्यापाशी येतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्यामुळे झाड समजून घेणं मला भाग पडलं.

इथं बसलेल्या निम्म्याजणी शहरातल्या आहेत, निम्म्या अकोट, तेल्हारा, पातूरकडच्या. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एप्रिलमध्ये एकदा अकोटहून पोपटखेड्याच्या रस्त्यानं निघावं. समोर सातपुड्याची भिंत आणि वर नरनाळा. सगळा डोंगर तपकिरी झालेला असतो. सागाला पान नसतं. सालईची उघडी खोडं उन्हात चमकतात. पण नीट पाहिलं तर डोंगराच्या घड्यांमध्ये, नाल्यांच्या कपारींत, हिरव्या रेघा दिसतात. जिथं मोठमोठे दगड पडलेत आणि मातीचा पत्ता नाही असं वाटतं, तिथंच जांभूळ उभं असतं, आंबा असतो, करंज असतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना ही झाडं हिरवी कशी राहतात?

आधी ‘सदाहरित’ या शब्दाबद्दलचा एक गैरसमज काढून टाकू. सदाहरित झाडाची पानं गळत नाहीत असं नाही. गळतात, रोज गळतात. साग आपली सगळी पानं एकदम टाकतो, म्हणून ती पानगळ आपल्याला दिसते आणि आपण तिला ऋतू म्हणतो. आंबा किंवा जांभूळ जुनं पान टाकतं तोवर नवं आलेलं असतं. झाडाखाली बाराही महिने पाचोळा पडलेला असतो, पण वरचा हिरवेपणा कमी होत नाही. म्हणजे झाड काम करतच असतं, फक्त ते काम एका वेळी डोळ्यांत भरत नाही. घर सांभाळणाऱ्या बाईला यावर वेगळं भाष्य नको.

सागाचंही यात काही चुकत नाही. उन्हाळ्यात पान ठेवणं महाग असतं, कारण पानातून पाणी उडून जातं. सातपुड्याच्या कोरड्या उतारावर साग पानं टाकून पाण्याचा खर्च बंद करतो आणि पाऊस आला की पुन्हा पालवतो. ज्या झाडाला उन्हाळाभर पान ठेवायचं आहे, त्याला पाण्याची कायमची सोय लागते. ती सोय खडकात आहे.

आपला हा सगळा मुलूख बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो झाला. थर निवताना त्यांना भेगा पडल्या. पावसाचं पाणी या भेगांतून खाली उतरतं. खाली घट्ट पाषाणाचा किंवा दोन थरांमधल्या लाल मातीचा पट्टा लागला की पाण्याला आणखी खाली जाता येत नाही. मग ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत कुठंतरी बाहेर पडतं. त्यालाच आपण झिरा म्हणतो. जांभळाची, आंब्याची मुळं या भेगांतच शिरलेली असतात. सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त जमिनीखालचं पाणी ओळखण्याच्या खुणा सांगितल्या, त्यांत जांभळाचं झाड आहे. आपल्याकडे विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालायची पद्धत होती, कारण ते पाण्यात लवकर कुजत नाही. जांभूळ आणि पाणी यांचं नातं लोकांना फार जुन्या काळापासून माहीत आहे.

पण झाड पाणी नुसतं घेत नाही. उतारावर पाऊस कोसळतो तेव्हा त्याचा पहिला मार पानं झेलतात. खाली साचलेला पाचोळा पाण्याला थोपवतो. पाचोळ्याखाली माती धरली जाते, आणि मुळांच्या वाटेनं पाणी भेगांत शिरायला सवड मिळते. झाड तोडून उतार उघडा केला तर तेच पाणी माती घेऊन धावत नाल्यात जातं. झिरा आटायला मग एकदोन उन्हाळे पुरतात. पाणी आणायला कोण जातं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

इथं एका नावाचा घोळही सांगते, कारण त्यातून पुष्कळ शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे आणि खानदेशात ‘अंजन’ म्हणतात तो वृक्ष वेगळा. आपट्यासारखं दोन दळांचं लहान पान, उंच खोड आणि अतिशय कठीण, जड लाकूड. मुरमाड, दगडी जमिनीत तो मूळ खोल घालतो. त्याची पानगळ अगदी थोड्या दिवसांची असते. चाऱ्याच्या टंचाईत त्याचा पाला गुरांना घालतात आणि सालीचा वाख काढून दोर वळतात. सह्याद्रीत मात्र ‘अंजन’ किंवा ‘अंजनी’ म्हणजे दुसरंच झाड. ते बुटकं, गर्द पानांचं, खरोखर सदाहरित. उन्हाळ्यात त्याच्या फांद्यांनाच निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटलेले असतात. दोन्ही झाडं खडकावर तग धरणारी, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. वरून आलेल्या योजनेत नुसतं ‘अंजन’ लिहिलं असेल, तर कुठला अंजन हे त्या उतारावर फिरणाऱ्या बाईलाच विचारावं लागेल.

खऱ्या सदाहरित जंगलासाठी आपल्याला सह्याद्रीतच जावं लागतं. अकोल्याला वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस होतो, महाबळेश्वरला सहा हजारांच्या आसपास. महाबळेश्वर, भीमाशंकर इथल्या घाटमाथ्यावर अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांचं जंगल आहे. वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक त्या जंगलाला याच तीन झाडांच्या नावानं ओळखतात. जांभा दगडाचे सडे, कड्याच्या कडा आणि पावसाळ्यातला झोडपणारा वारा यांमुळे झाडं फार उंच होत नाहीत. ती एकमेकांना खेटून, वाकून, छत धरून उभी असतात. भीमाशंकरचं जंगल १९८५ साली अभयारण्य झालं. तिथल्या शेकरूचं नाव आपण ऐकतो, कारण तो आपला राज्यप्राणी आहे. पण त्याच डोंगरांत जुन्नर-आंबेगावकडच्या महादेव कोळी कुटुंबांचा मोठा आधार म्हणजे बाळहिरडा. हिरड्याची कोवळी फळं गोळा करून, वाळवून विकायची. झाड तोडायचं नाही, उभ्या झाडातून दरवर्षी चार पैसे काढायचे.

सह्याद्रीतली अशी कित्येक जुनी जंगलं देवराई म्हणून राहिली. देवाची राई, म्हणून कुऱ्हाड लावायची नाही. देवरायांचं कौतुक आपण शाळेपासून ऐकतो आणि ते खरंही आहे. आजूबाजूचा डोंगर बोडका झाला तरी देवराईत मोठाली झाडं आणि पाण्याचं कुंड टिकून राहिलं. पण त्याच कौतुकात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कित्येक देवरायांत पाळी आलेल्या बाईला जायची मनाई असते, काही ठिकाणी बाईला गाभ्यापर्यंत जाताच येत नाही. झाड राखायचा नियम करणारे पुरुष, देवाच्या नावानं तो सांगणारे पुरुष, आणि त्या राईतून येणारं पाणी भरणारी बाई मात्र काठावर उभी. झाड वाचलं याचा आनंद आहेच, पण ते वाचवताना बाईला बाहेर ठेवायची गरज नव्हती.

आता आपल्या मेळघाटाकडे येऊ. आपलं जंगल पानगळीचं, सागाचं. १८६० च्या दशकातच त्याचे मोठे पट्टे सरकारी राखीव होऊ लागले. १८६५ चा पहिला जंगल कायदा, मग १८७८ चा, मग १९२७ चा. तिन्ही कायदे इंग्रजांचे, आणि इंग्रजांना रेल्वेला, जहाजांना, इमारतींना लाकूड हवं होतं. जंगलाचा हिशेब घनफुटांत होऊ लागला. या हिशेबात एक शब्द रूढ झाला, तो आजही लाकडाच्या वखारीत आणि जंगलखात्याच्या कागदावर ऐकू येतो. ‘सागवान’ आणि ‘आडजात’. साग हा माल. बाकी सगळं आडजात.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं, मग राहून राहून त्याचाच विचार येत राहिला. जांभूळ आडजात, करंज आडजात. ज्याचं फळ पोर खातं, ज्याच्या सावलीत गुरं बसतात, ज्याच्या मुळाशी झिरा आहे, ते आडजात. झाड उभं असताना जे देतं त्याचा या हिशेबात रकानाच नाही. आडवं पडलं, गाडीत चढलं, की मगच त्याला किंमत.

असाच रकाना आपल्या कामालाही नसतो. खानेसुमारीत वर्षानुवर्षं घरचं काम करणारी बाई ‘काम न करणारी’ म्हणूनच लिहिली गेली. घरच्या शेतावर बिनपगारी राबणं हेही काम आहे, हे १९९१ च्या खानेसुमारीच्या प्रश्नात स्पष्ट शब्दांत लिहावं लागलं, आणि त्यासाठी बायकांच्या चळवळीला बोलावं लागलं. पाणी, सरपण, स्वयंपाक आजही त्यात नाही. केंद्र सरकारनं २०२४ साली लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो याचं सर्वेक्षण केलं. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. सरकारी कागदावर हे मोजलं तरी गेलं. पण मोजलं म्हणजे मानलं असं होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बोलायला ठीक आहे, पण झाडाचा निर्णय बायकांनी घेतला तर काही वेगळं घडतं का? यासाठी मी हिमालयातलं एक गाव सांगते. चिपको म्हटलं की आपल्याला रेणी गाव आठवतं. २६ मार्च १९७४, गावातले पुरुष नुकसानभरपाईच्या कामासाठी चमोलीला गेलेले, आणि गौरादेवींच्या मागे गावातल्या बायका-मुली ठेकेदाराच्या माणसांसमोर उभ्या राहिल्या. ती लढाई बाहेरच्या ठेकेदाराशी होती, म्हणून सांगायला सोपी आहे. त्याच चमोली जिल्ह्यात १९८० साली डुंगरी-पैंतोली इथं जे झालं, ते आपल्याला जास्त जवळचं आहे, कारण तिथं समोर आपलीच माणसं होती.

गावाच्या उतारावर बांज नावाच्या झाडांचं जंगल होतं. बांज हा हिमालयातला सदाहरित ओक, पानाची खालची बाजू पांढुरकी. त्याचा पाला हिवाळ्यात गुरांना मिळतो, पाचोळा शेतात खत होतो, आणि बांजाखालचे झरे टिकतात असा डोंगरातल्या लोकांचा अनुभव. शेजारच्या चीड वृक्षापासून राळ आणि इमारतीचं लाकूड मिळतं, पण त्याच्या सुया गुरं खात नाहीत आणि उन्हाळ्यात त्या भडकन पेटतात. सरकारच्या फलोद्यान विभागाला बटाट्याच्या बियाण्याच्या शेतीसाठी हे बांजाचं जंगल हवं होतं. बदल्यात पक्का रस्ता, शाळा, दवाखाना, वीज देण्याचं आश्वासन. गावच्या पंचायतीत सगळे पुरुष. त्यांनी होकार दिला. बायकांनी नकार दिला. जंगल गेलं तर चाऱ्या-सरपणासाठी रोज आणखी किती मैल चालावं लागेल, हे त्यांना रस्त्याच्या आश्वासनापेक्षा स्पष्ट दिसत होतं. पुरुषांनी धमकावलं, तरी त्या मागे हटल्या नाहीत. तोड थांबली.

इथं लक्षात घ्या, पुरुष वाईट होते असं ही गोष्ट सांगत नाही. रस्ता, शाळा, दवाखाना कुणाला नको? बायकांनाही हवाच होता. प्रश्न एवढाच होता की सौदा कशाच्या बदल्यात होतो आहे, आणि ज्यांना त्याची किंमत अंगमेहनतीनं चुकवायची आहे त्यांना कुणी विचारलं का.

याच सुमाराला आपल्या चळवळीत एक विचार जोरात आला, बाई म्हणजे निसर्ग, बाई जात्याच झाडं जपणारी. वंदना शिवांचं ‘स्टेइंग अलाइव्ह’ हे १९८८ चं पुस्तक त्या विचाराचं. ऐकायला तो छान वाटतो, पण मला त्याची भीती वाटते. निसर्ग म्हटलं की पगार मागता येत नाही आणि मत विचारावं लागत नाही. बीना अगरवाल यांनी १९९२ साली याला चांगलं उत्तर दिलं. बाईचं जंगलाशी नातं तिच्या स्वभावातून येत नाही. कामाची वाटणी आणि मालकीची वाटणी यांतून ते येतं. सरपण आणायचं काम तिचं आहे म्हणून तिला झाड कळतं. जमीन तिच्या नावावर नाही म्हणून उघड्या डोंगरावर तिची जास्त भिस्त. पुढे गुजरात आणि नेपाळमधल्या वनसमित्यांचा अभ्यास करून त्यांनी २०१० साली दाखवलं की समितीत बायका पुरेशा संख्येनं असल्या, साधारण पाव ते तिसरा हिस्सा, तर त्या बोलतात आणि जंगलाची राखणही सुधारते. एकदोन बायका नावाला बसवल्या तर नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. गावाचं नाव घेत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं मिश्र वस्तीचं गाव. वरच्या खोऱ्यात जांभळांची जुनी झाडं, त्यांच्या पायाशी झिरा. नळाची योजना आहे, पण उन्हाळ्यात मोटर बंद पडली की गाव या झिऱ्यावर येतं. एका योजनेत त्या उतारावर सागाची लागवड करायचं ठरलं. त्यासाठी ‘निरुपयोगी झाडोरा’ साफ करायचा. कागदावर जांभूळ, करंज सगळं त्या दोन शब्दांत. रोजगार मिळणार होता, मजुरी मिळणार होती. गावातल्या पुरुषांनी संमती दर्शवली आणि बायकांच्या सह्या-अंगठे घरोघरी जाऊन घेतले गेले.

आम्ही बायकांची बैठक घेतली तेव्हा एकीला विचारलं, कशावर अंगठा दिला? ती म्हणाली, “घरकुलाच्या यादीत नाव टाकाचं हाय म्हणे.” एक म्हातारी मागं बसली होती. ती मध्येच बोलली, “साग उन्हायात नागडा होते बाई. त्याच्याखाली ओल कशी राहीन? जांभूय हाय तवर झिरा हाय.” मी पंधरा मिनिटं बेसाल्टच्या भेगा समजावून सांगायच्या तयारीनं गेले होते. तिनं दोन वाक्यांत काम आटोपलं.

मग पुढच्या ग्रामसभेला बायका गेल्या. पहिल्या वेळेला त्यांना मागं, दाराशी बसवलं. एकीचा नवरा सर्वांसमोर म्हणाला, घरी स्वयंपाक कोण करणार? दुसऱ्या सभेत त्या पुढं येऊन बसल्या. झाडांची यादी करा, कुठलं झाड काढणार ते उतारावर जाऊन दाखवा, अशी त्यांनी मागणी केली आणि ती ठरावाच्या वहीत लिहून घ्यायला लावली. मागणी वहीत उतरेपर्यंत त्या उठल्या नाहीत. लागवड तूर्त थांबली आहे. रद्द झालेली नाही. मजुरी बुडाली म्हणून काही घरांत भांडणंही झाली आणि त्यांतली एक बाई माहेरी जाऊन राहिली आहे. हे मी लपवत नाही, कारण असे निर्णय घेतले की त्याची झळ पहिली बाईलाच बसते. आपण तिच्या पाठीशी उभ्या राहणार नसू तर तिला ग्रामसभेत पुढं बसायला सांगायचा आपल्याला अधिकार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात, कारण हे पाठ असायला हवं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलातल्या गौण उपजावर, म्हणजे मोहफूल, डिंक, मध, तेंदूपान, औषधी वनस्पती यांवर, पिढ्यान्‌पिढ्या ते गोळा करणाऱ्यांची मालकी मान्य केली. दीडशे वर्षांच्या घनफुटांच्या हिशेबाला हा पहिला मोठा तडा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली या कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. या कायद्याच्या कलम ४(४) नुसार लग्न झालेल्यांचा वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं झाला पाहिजे, आणि एकट्या बाईचं घर असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश बायका हव्यात. हक्कांचा विचार करणाऱ्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश बायका. त्या नसतील तर ती सभाच पुरी होत नाही. शिवाय आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते.

वऱ्हाडातल्या बायकांना नावाचं महत्त्व नव्यानं सांगायला नको. शेतकरी संघटनेचं चांदवडचं महिला अधिवेशन १९८६ साली झालं, त्यानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली. बायकोच्या नावावर जमीन करा, असं भर सभेत सांगितलं गेलं आणि कित्येक शेतकऱ्यांनी ते केलंही. आपल्यापैकी काहींच्या आयांच्या नावाचे सातबारे त्या वेळचे असतील. शेताच्या बाबतीत जे झालं, ते डोंगराच्या बाबतीत व्हायचं आहे.

म्हणून जाण्याआधी काही कामं वाटून घेऊ.

गावाकडच्या मैत्रिणींनी आपल्या वनहक्क समितीची यादी मिळवावी, त्यात बायका किती ते मोजावं आणि त्यांना आपण सभासद आहोत हे माहीत आहे का ते विचारावं. पट्टा मिळालेल्या घरी जाऊन कागदावर दोन नावं आहेत की एक, ते पाहावं. महिला सभा झाल्याशिवाय ग्रामसभेच्या वहीवर सही करू नये. आणि कुठल्याही लागवडीच्या योजनेत ‘झाडोरा’, ‘आडजात’, ‘निरुपयोगी’ असे शब्द दिसले की तिथंच थांबून विचारावं, नेमकं कुठलं झाड? किती झाडं? त्याच्याखाली पाणी आहे का?

शहरातल्या मैत्रिणींनी दोन गोष्टी कराव्यात. माहितीच्या अधिकारात अर्ज लिहायला, ठरावाची नक्कल मिळवायला मदत हवी आहे. तुमच्यात शिक्षिका आहेत, वकील आहेत, बँकेत काम करणाऱ्या आहेत. महिन्यातून एक रविवार द्या. दुसरं, ती माहेरी राहिलेली मैत्रीण परत यायचं म्हणते, पण एकटीनं नाही. पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत गावात जायला चौघीजणी हव्या आहेत. मंगळवारी सकाळी सातच्या एस.टी.नं निघायचं आहे. ज्यांना जमेल त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावं.